वंगण घातलेली गाडी

मित्रांनो, फोटो काढायचा असेल तर खुशाल काढा, पण मला टेकू नका. मी सार्ची गावची एक जुनी बैलगाडी आहे, बाकडं नव्हे. आमच्या कोस्टा रिकात तुम्ही आलात की सकाळी पोआसचा ज्वालामुखी, मग धबधबा आणि अकराच्या सुमाराला मी, असा तुमचा कार्यक्रम असतो. ज्वालामुखीवर बहुतेक वेळा ढगच असतात. ढगांचे फोटो काढून धन्य झालेली मंडळी माझ्याकडे येतात आणि आधी विचारतात, संडास कुठे आहे!

माझा जन्म एलियेसेर मेस्त्रीच्या हातचा. फळ्यांच्या फाका जोडून त्याने माझी भरीव चाकं केली, वर लोखंडी धाव चढवली आणि तुंब्याशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाशी, एक सैल कडं बसवलं. चाक फिरलं की कडं तुंब्यावर आपटतं आणि गाडी वाजते. आमच्याकडे प्रत्येक गाडीचा आवाज निराळा. गाडीवान गाडी घेताना आधी ती चालवून ऐकतो, रंग नंतर बघतो.

माझा धनी बेलार्मिनो. त्याने चाळीस वर्षं माझ्यातून कॉफीची पोती उतारावरून गिरणीत नेली. संध्याकाळी मी चढावर वाजले की खाली घरात त्याची बायको एर्मिदा चुलीवर पाणी ठेवायची. आम्ही दारात पोचेपर्यंत फडक्यातून कॉफी गळत असायची. कधी एका मिनिटाचीही चूक नाही. मला त्याचा फार अभिमान होता, अजून आहे.

बेलार्मिनो गेला आणि मी त्याच्या मुलाच्या, विल्बर्थच्या तावडीत सापडले. या शहाण्याने रस्त्याकडेला खाणावळ काढली आणि मला अंगणात उभं केलं. भाड्याचे दोन बैल पाहुण्यांना माझ्यात बसवून एक फेरी मारतात. टोप्या उडवतात काय, किंचाळतात काय, जसा काही माझ्यात बसून समुद्रच ओलांडला! एके दिवशी एका बाईने कानांवर हात ठेवले. झालं! विल्बर्थने माझं कडं काढून फेकलं आणि तुंब्यात घट्ट वंगण ठासून भरलं. मी मुकी झाले. पाहुणे म्हणाले, वा, किती शांत गाडी.

एर्मिदा आता चौऱ्याऐंशीची आहे. तिची नजर गेली. मार्चमध्ये गाडीवानांचा सण आला, तेव्हा ती विल्बर्थला म्हणाली, "एकदा आपली गाडी दारावरून ने रे. पुढच्या सणाला मी असेन, नसेन."

"एकदा काय आई, अशी सजवतो की बघत राहशील!"

बघत राहशील म्हणे! आंधळ्या आईसाठी या दिवट्याने मला आठ दिवस रंगवलं. नारिंगी, निळा, वर पांढरी फुलं. वंगणाची आठवण मात्र त्याला एकदाही झाली नाही.

सणाच्या दिवशी आम्ही चढावरून उतरलो. म्हातारी दारात खुर्ची टाकून, मान तिरकी करून बसली होती. आत चुलीवर पाणी उकळत होतं. मी तिच्यासमोर येऊन थांबले, तरी तिची मान वळली नाही. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"आई, अगं आली की गाडी!" विल्बर्थ ओरडला.

"कुठली?"

"आपलीच! बघ, हात लाव."

त्याने तिचा हात माझ्या चाकावर ठेवला. तिने बोटं नाकाशी नेली.

"रंगाचा वास येतोय. ही पाहुण्यांची गाडी. बाजूला घे बाबा, मागून आपली येत असेल. तिला वाट दे."

विल्बर्थचं तोंड एवढंसं झालं. त्याने मला बाजूला घेतलं. मागून कोणी आलं नाही. सण आटोपला, तरी ती खुर्चीतून उठेना.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग फासला म्हणजे ती जपली, असं समजू नका. ती कशासाठी केली होती, ते आधी विचारा. ते जमत नसेल तर निदान एक करा. आता आलाच आहात, तर खाणावळीतला एखादा चमचा घ्या आणि माझ्या तुंब्यातलं वंगण खरवडून काढा. कडं कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलं आहे. जरा घाई करा. खाली घरात एर्मिदा रोज संध्याकाळी पाणी ठेवते आहे.