आठ-अकरा

मयूराला खरं तर दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं तिकीट हवं होतं. ईमेल सापडेना, म्हणून ती जंक फोल्डर चाळत बसली आणि तिथं तिला ऑगस्टमधला एक मेल दिसला. जपानमधल्या डोंगरावरच्या, चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या झोपडीचा. ‘आपण काल आला नाहीत. सर्व ठीक आहे ना?’

तिनं तो दोनदा वाचला. मग दीनानाथकाका-विनीताकाकींच्या ट्रिपची फाईल उघडली.

डँडेनॉन्ग या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या फॉस्टर स्ट्रीटवर, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मोहनदादांची छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. मयूरा तिथं सहा वर्षं काम करत होती. दीनानाथकाका आणि विनीताकाकी या गिऱ्हाइकांची जपान ट्रिप तिनं स्वतः आखली होती: पाच दिवस तोक्यो, चार दिवस क्योतो, मग नागानोच्या डोंगरात दोन दिवस चालणं आणि शेवटी तीन दिवस कानाझावा. काकी रोज फोटो पाठवत. कधी देवळाच्या लाल कमानी, कधी चौकातली गर्दी, तर कधी काकांनी काड्यांनी खाल्लेले नूडल्स. “मयूरा, तू फारच छान जमवलंस गं,” असं कालच म्हणाल्या होत्या.

झोपडीच्या फॉर्मवर तिनं तारीख लिहिली होती ८/११. आठ नोव्हेंबर, म्हणजे आज. जपानमध्ये महिना आधी लिहितात. त्यांनी अकरा ऑगस्ट वाचलं. आणि मेलच्या तळाशी स्पष्ट लिहिलं होतं: तीन नोव्हेंबरपासून झोपडी हिवाळ्यासाठी बंद.

शनिवारचे अडीच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेबारा. काका-काकी नऊला चढायला लागले असणार. चार तासांची वाट. वर पोचतील तेव्हा दारं बंद, आणि पाचच्या आत अंधार. काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला.

तिनं दोघांचे फोन लावून पाहिले. रेंज नाही. झोपडीला लावला, तर जपानीत रेकॉर्ड केलेला आवाज. मग आदल्या रात्री दोघं जिथं उतरली होती, त्या पायथ्याच्या लॉजवर लावला. मालकीण ओगावाबाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं. मयूरानं दुसऱ्या फोनवर भाषांतराचं अॅप उघडलं आणि एकेक वाक्य त्याच्याकडून बोलवून घेतलं. मग बाईंनी नवऱ्याला जोरात हाक मारली, ती मात्र भाषांतराशिवाय कळली.

“माय हजबंड गो,” त्या म्हणाल्या. “नाऊ. यू वेट.”

मोहनदादांनी सगळं ऐकून दार लावून घेतलं. “धवलला फोन करू नकोस. आधी काय ते कळू दे. चूक आपली आहे म्हटलंस तर उद्या वकील येईल.”

“दादा, काका-काकींचा मुलगा आहे तो.”

“म्हणूनच सांगतोय.”

मयूरा खुर्चीत बसली. पाच मिनिटं तिनं फोनकडे नुसतं पाहिलं. तिचे स्वतःचे आई-बाबा असे कुठं अडकले असते आणि एखादी पोरगी ऑफिसमध्ये गप्प बसली असती तर? ती जिन्यात गेली आणि तिनं नंबर लावला.

धवल डार्विनला गॅस प्लँटवर इंजिनियर होता, शिफ्टवर. मागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. तिनं आडवळण न घेता सांगितलं.

“म्हणजे ते वर गेलेत आणि तिथं कोणीच नाही?”

“हो. तारीख मी चुकीची लिहिली.”

“बाबांना स्टेंट आहे, माहितीय ना तुला?” त्याचा आवाज चढला. “व्हॉट द हेल, मयूरा!”

“खालून माणूस निघालाय. काही कळलं की पहिला फोन तुला.”

पाच वाजले, दुकानं बंद व्हायला लागली. मोहनदादांनी तिच्यासमोर चहा ठेवला. सहा वाजले. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि तिकडे उजेड संपत आला होता. तिनं ‘नोव्हेंबरमध्ये डोंगरावर तापमान’ शोधलं आणि लगेच स्क्रीन बंद केली.

पावणेसातला फोन वाजला.

“मयूरा,” काकींचा आवाज दमलेला होता. “तिथं फळ्या ठोकल्या होत्या गं. हे म्हणाले थांबू, कोणीतरी येईल. मी म्हटलं, एक मिनिटही नाही, उलट फिरा. येताना हे पाल्यावरून घसरले, मनगट सुजलंय. मग हा भला माणूस बॅटरी घेऊन समोरून आला. काठीला धरून उतरवलं त्यानं ह्यांना.”

“काकी, चूक माझी होती. तारीख उलटी गेली.”

“ते मग बोलू,” काकी म्हणाल्या. “आत्ताच खाली पोचलोय, मला जरा टेकू दे.”

मयूरानं लगेच धवलला कळवलं. त्याचं आईशी बोलणं झाल्यावर त्याचा परत फोन आला. आवाज आता खाली आला होता.

“एक्स-रेला नेतायत. बाबा ठीक आहेत. सांगितलंस ते बरं केलंस. पण यापुढे आमचं बुकिंग तू करायचं नाहीस.”

“हो,” ती म्हणाली. “कानाझावाचे तीन दिवस राहिलेत. तेवढं तपासू?”

“तपास. प्रत्येक हॉटेलला फोन करून.”

मोहनदादा किल्ल्या हातात घेऊन दारात उभे होते. कुलूप लावायला म्हणून त्यांनी त्या तिच्या टेबलावर ठेवल्या आणि ते जिना उतरून गेले. मयूरानं फाईल उघडली आणि कानाझावाच्या हॉटेलचा नंबर फिरवला.