लॉन्ड्रीतला साहेब

हॉटेलच्या तळघरात इस्त्री करणाऱ्या माणसाला सगळे 'कडक' म्हणत. त्याची कॉलर कडक, चहा कडक आणि जीभ त्याहून कडक. त्याने पँटला घातलेली घडी इतकी धारदार असे, की एका पाहुण्याने म्हणे घाईत तिच्यावरच पाव कापला आणि वर लोणी लावून खाल्ला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण पुढचं ऐका. कारण असा हा माणूस जळायला लागला तो दोनचार इंग्रजी शब्दांपायी.

झालं असं, की त्याच्या बायकोला त्याच हॉटेलात वर, रिसेप्शनवर नोकरी लागली. मॅनेजरने पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "पाहुण्याला कोरडं इंग्रजी वाढायचं नाही. 'आय कॅन सेंड' नाही, 'आय कॅन सर्टनली सेंड'. 'आय वुड हेल्प' नाही, 'आय वुड ग्लॅडली हेल्प'. नक्की, आनंदाने, शक्य असल्यास, असलं काहीतरी मध्ये घालत जा."

बायको घरी भाजी चिरताना घोकायची आणि कडक पेपरआडून कान द्यायचा. इस्त्रीवाल्याचं डोकं ते! त्याला ते भराभर उमगलं. कॅन, कुड, वुड, मे हे झालं कापड. सर्टनली, पॉसिबली, ग्लॅडली ही झाली खळ. खळ लागली की साध्या मांजरपाटालाही कॉलर येते. फक्त ती लावायची जागा चुकता कामा नये. 'वुड' झाल्यावर आणि कामाचा शब्द यायच्या आधी अलगद लावायची, की वाक्य कसं ताठ उभं राहतं!

एकदा तो कुणाचा तरी कोट द्यायला वर गेला. काउंटरसमोर एक टकला पाहुणा उभा होता आणि बायको त्याला सांगत होती, "आय वुड ग्लॅडली डू दॅट, सर." त्यातली 'ली' तिने अशी लांबवली, की टकल्याच्या डोक्यावर दोनचार केस जागच्या जागी उगवल्याचं कडकने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी घरी तो म्हणाला, "अगं, पाणी दे."

"घ्या की, हाताशीच तर आहे."

"ग्लॅडली नाही का?"

"काय म्हणालात?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी चादरींच्या घड्या घालायला मावशी आली. हॉटेलातल्या सगळ्या खोल्यांच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या, आणि चादरींबरोबर सगळ्यांच्या बातम्याही. ती दारातच थबकली. "कसला रे वास? कापड जळतंय की तू?"

"मावशी, ती त्या लोकांशी किती गोड बोलते!"

"पगार घेते ती त्याचा."

"आणि मी कोण? मला नको थोडंसं?"

"मग तूही हो पाहुणा," मावशी हसत म्हणाली आणि चादरीची दोन टोकं त्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

ती गंमत करत होती. याने मात्र मनावर घेतलं. मावशी गेल्यावर त्याने भिंतीवरचा फोन उचलला, तोंडाशी घडी केलेला रुमाल धरला आणि आवाज घोगरा करून म्हणाला, "कुड यू पॉसिबली सेंड वन टॉवेल?"

तेव्हा त्याच्या चहूबाजूंना छताला टेकतील इतके टॉवेल होते.

"सर्टनली, सर! आय वुड ग्लॅडली सेंड इट."

कडक जागच्या जागी लोण्यासारखा वितळला. "लेटर, लेटर," असं काहीतरी पुटपुटत त्याने फोन ठेवला. त्या दुपारी त्याने केलेले सगळे शर्ट इतके मऊ निघाले, की पाहुणे ते उशाखाली घेऊन झोपले.

मग रोजचंच झालं. कधी साबण, कधी उशी, कधी नुसतंच 'मे आय काइंडली नो द टाइम?' घड्याळ डोक्यावर टिकटिकतंय आणि हा गृहस्थ बायकोला वेळ विचारतोय. सुखात होता अगदी. पण ते सुख बायकोनेच नासवलं.

एका संध्याकाळी ती आरशासमोर केस विंचरत म्हणाली, "एक साहेब रोज फोन करतात. काय मऊ बोलतात हो! हुकूम नाही, खेकसणं नाही. 'कुड यू पॉसिबली' म्हणतात. माणसाने असं असावं."

"कोण आहे तो हलकट?" कडक ताडकन उठला. मग त्याला आठवलं, हलकट कोण ते. तरी पोटातली आग काही विझेना. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशातल्या माणसाकडे त्याने असं रोखून पाहिलं, की त्या माणसाने घाबरून गाल कापून घेतला.

त्याच्याकडून सगळं ऐकून मावशीने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तो साहेब तूच ना?"

"मी असलो म्हणून काय झालं? तिला कुठे ठाऊक आहे? ती भुललीय त्याच्यावर!"

आता एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं त्याने ठरवलं. रुमाल धरला, नंबर फिरवला. "वुड यू पॉसिबली हॅव टी विथ मी? टुमॉरो? फाटकासमोरच्या दुकानात?" घाबरल्यामुळे शेवटचं मराठीतच गेलं.

कडक मनात विनवत होता: म्हण, 'आय कॅन हार्डली कम' म्हण. 'आय शुड प्रॉबेबली नॉट' तरी म्हण, बाई.

"आय वुड व्हेरी ग्लॅडली कम, सर."

कडकच्या हातातली इस्त्री मॅनेजरच्या कोटावर तशीच राहिली आणि पाठीवर एक झकास तपकिरी त्रिकोण उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने ठेवणीतला पोशाख त्याच्यापुढे टाकला. "जरा नीट इस्त्री करा हं. बाहेर जायचंय." त्याने दातओठ खात केली. वाईट करावी म्हटलं, पण हात ऐकेना. आयुष्यात कुणाची केली नसेल अशी इस्त्री झाली.

दुपारी तो चहाच्या दुकानात खांबाआड दबा धरून बसला. ती आली. इकडेतिकडे न बघता सरळ खांबामागे आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"उशीर नाही ना झाला, सर?"

"आलीस तू! खरंच आलीस!"

"बोलावलंत म्हणून आले."

"मी नव्हतं बोलावलं, त्याने बोलावलं होतं!"

"अहो, फोन आला की माझ्यासमोरच्या बोर्डावर दिवा लागतो. पहिल्या दिवसापासून लॉन्ड्रीचाच लागतोय."

कडकच्या अंगावरून मणभर ओले टॉवेल उतरले. पण लगेच तो फणफणला. "मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

आता तिचा चेहरा बदलला. "कारण मी जळत होते. काउंटरवरच्या त्या बाईला तुम्ही 'पॉसिबली' म्हणता, 'काइंडली' म्हणता. आणि मला? पाणी दे, बटण लाव, दार लाव. रोज घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडते मी. एवढं काय आहे तिच्यात?"

"तिचा आवाज फार गोड आहे गं," कडक बोलून गेला.

"बघा! माझ्यासमोर तिचं कौतुक!"

ती उठायला लागली. कडकने घाईघाईने रुमाल शोधला. पण समोरासमोर रुमालाआडून कसं बोलणार? तसाच उघड्या तोंडाने, आयुष्यात पहिल्यांदाच, तो चाचरत म्हणाला, "तुला जमलं तर... म्हणजे शक्य असेल तर... थोडा वेळ बसशील का माझ्याजवळ?"

तिने त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. मग पर्स मांडीवर घेतली.

"बसेन," ती म्हणाली. "आनंदाने की कसं, ते तुमचं उद्याचं बोलणं ऐकून सांगेन."

एवढ्यात चहावाला आला. ती सवयीने त्याच्याकडे वळली. "कुड यू काइंडली ब्रिंग टू टीज?"

कडकने त्या चहावाल्याकडे असं काही पाहिलं, की चहा टेबलावर ठेवल्यावरही कपात बराच वेळ उकळत होता.