आत्याबाईंनी सांगितलेलं माझं मन

मेधाताई पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची. वर्साकाठी दोन-तीनदा आमच्या घोटावड्यात येती अन् फोनात बघून बायांना तेच तेच प्रश्न इचारती. माणसाचा सभाव अन् मन किती बदलतंय, किती तसंच ऱ्हातंय, ते मोजायचं म्हनं. जिचं मन खचलेलं दिसंल तिला पौडला डॉक्टरकडं न्यायचं, असं तिनं पहिल्याच खेपंला सांगितलं हुतं.

पर आमच्यात थोरली मान्सं बसली असताना सून बोलत न्हाई. मी दाराआड हुबी, अन् माझं मन सांगायला माझी सासू, आत्याबाई!

"अपेक्षावहिनींना रडू येतं का?"

"न्हाई वो, कशाला रडंल? गरीब गाय हाय आमची सून. लिवा, बरं हाय."

दर खेपंला ह्येच. घ्या! गाईला कोन इचारतंय?

गेल्या थंडीत माझी लेक गेली, बारशाच्या आधीच. तवापास्नं भाकरी थापता थापता हात थांबत्यात. नवरा पिरंगुटला कंपनीत; घरी आला की मोबाइलात त्वांड घालून बसतो. काय सांगाय जावं तर म्हनतो, आईला सांग. मला त्या डॉक्टरकडं जायचं हुतं. मला जगायचं हुतं, दुसरं काय न्हाई.

परवा मेधाताई आली. आत्याबाईंनी त्वांड उघडायच्या आत मी पदर खोचून भायेर आले.

"बरं न्हाई मला. मरावंसं वाटतंय. पान्याला गेले की हिरीत वाकून बघतीया."

"अगं बया! याड लागलं का गं तुला? पावन्यांम्होरं घराची लाज काढतीस?" आत्याबाई कडाडल्या.

मेधाताईनं फोनात भरलं अन् तिच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, आधीच्या उत्तरांशी हे जुळत नाहीये. तुमचं मन कायम स्थिर आलंय. एकदम एवढा फरक आला की घरातल्या मोठ्या माणसाला विचारून खात्री करा, असं फोनवर येतं. त्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

"अवो, ती उत्तरं माझी नव्हतीच!" मी वरडले.

तिला कळलं. कळलं म्हनूनच माझ्याकडं बघंना. अजून निम्मी आळी ऱ्हायली हुती तिची.

"आजी, काय लिहू?"

"बरं हाय, लिवा."

तिनं बोट टेकवलं. पुढचा प्रश्न आला.

"झोप लागते का वहिनींना?"

"लागती की," आत्याबाई हसल्या, "मेल्यावानी झोपती."