पत्राची शेवटची ओळ

त्या दिवशी टायपिस्टने ठरवलं होतं, आता बस्स, सांगून टाकायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणि त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात तर सात कोंबडी झाकलेली होती: बाईंची परत आलेली सात पाकिटं.

बाईंचा मुलगा मालवाहू जहाजावर कामाला गेला आणि दोन वर्षांपूर्वी त्याचे फोन थांबले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्या जहाज कंपनीला इंग्रजीतून पत्र लिहून घ्यायला येत. भाड्याची खोली सारखी बदलायची, म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता टायपिस्टच्या दुकानाचा. पहिलं पाकीट 'कंपनी बंद' असा शिक्का घेऊन परत आलं, तेव्हा तो मनाशी म्हणाला, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ सहा वेळा आली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्यांच्या हातून जास्त पाप होतं.

आजही बाई स्टुलावर बसल्या आणि त्याची बोटं सवयीने चालू लागली. प्रिंटरमधून कागद निघाला. बाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊ, ही ओळ दर वेळी असते. वळणावरून ओळखते मी. काय आहे हो ती?"

"लुक फॉरवर्ड टू. तुमच्या उत्तराकडे आम्ही लुक फॉरवर्ड करतो. पत्राच्या शेवटी लिहायची पद्धतच आहे, ताई."

"म्हणजे वाट बघतो?"

"वाटच, पण आनंदाने बघतात ती. दवाखान्याच्या बाकावर बसून बघतो, ती नाही. पोरगं सुट्टीला घरी येणार असलं की बघतो ना, ती."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आता या चिडतील, असं त्याला वाटलं. चिडल्या तर बरंच, त्या भरात सांगून मोकळं होता येईल. त्याचा हात खणाकडे गेला.

"पहिल्या पत्रापासून हेच लिहिताय?"

"हो."

बाईंचे डोळे भरून आले. "मी मेली घरी रडत बसते. आणि तुम्ही माझ्या नावानं एवढं चांगलं लिहीत होता! शिकलेला माणूस खात्री असल्याशिवाय असं लिहील का?"

खणाच्या कडीवरचा हात तिथेच राहिला.

"परत एकदा म्हणा बघू."

त्याने म्हटलं. बाईंनी मागोमाग म्हटलं, अडखळत, मग नीट. "पोरगा आला की त्याला म्हणून दाखवते," म्हणत त्यांनी पाकीट पदराने पुसून त्याच्याकडे दिलं. "परत कधी येऊ?"

"तीन महिन्यांनी," टायपिस्ट म्हणाला.

बाई शाळेतल्या पोरीसारख्या ते शब्द घोकत जिना उतरल्या. खाली कुणालातरी त्या हसत काहीतरी सांगत होत्या. टायपिस्टने खण उघडला आणि आठव्या पाकिटापुरती जागा केली.