तात्याच्या दर्शनाला येणारे मासे

तळ्यातले मासे आपल्याला ओळखतात, हे तात्याचं खूळ साऱ्या गावाला पाठ झालं होतं. सकाळी तो बांधावर उभा राहिला की हजारो तोंडं पाण्यावर यायची, हातात दाणा नसला तरी. ह्याच कौतुकात त्यानं तळ्यात माशांचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडलं तेही दुप्पट. अति तिथं माती, असं सून सांगायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी आभाळ दाटलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. तात्यानं मुद्दाम व्याह्याला, म्हणजे सुनेच्या बापाला, बांधावर आणलं.

"बघा व्याही, आज झाडून सगळे हजर."

"पण आ वासून काय बघतायत हो?"

"पायाच पडले असते, पण खाली वाकणार कसे?"

सून खाद्याची बादली घेऊन आली. पाणी बघितलं आणि तिनं बादली तिथंच टाकली.

"मामंजी, पंखा कुणी बंद केला?"

पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारा तो पंखा तात्या रोज रात्री बंद करायचा आणि सून यायच्या आत लावायचा. घरघरीनं त्याचा डोळा लागत नसे. आज पाहुण्याच्या नादात लावायचा राहिला.

"अगं, त्यांनाही झोप नको का?"

"गुदमरतायत ते. दर्शनाला नाही, श्वासाला येतात वर. वर्षाची मेहनत तासाभरात उताणी पडेल."

तिनं धावत जाऊन पंखा लावला. पण एवढ्या माशांना एक पंखा म्हणजे दर्या में खसखस.

"उतरा दोघं. पाणी बडवा."

"मी पाहुणा आहे गं," व्याही म्हणाला.

"बाबा, मासे मेले तर मी कायमची माहेरी येईन."

व्याही तात्याच्या आधी पाण्यात उतरला.

छातीभर पाण्यात दोन म्हातारे हातपाय झाडत राहिले. दुपारपर्यंत तोंडं एकेक करून खाली गेली. पन्नासेक मासे मात्र उताणे तरंगले. ते तात्यानं स्वतःच्या हातानं वेचले. त्याला फार वाईट वाटलं, इतकं की जेवायलाही तो बसला नाही.

रात्रभर पंखा घरघरत राहिला. सकाळी तात्या तांबारलेले डोळे घेऊन बांधावर उभा राहिला. एक मासा वर आला नाही.

"विसरले गं मला."

"बरे आहेत, म्हणून आले नाहीत. पुढल्या खेपेला बीज निम्मंच सोडायचं."

तात्या रिकाम्या पाण्याकडं बघून वळला, आणि पंख्याचं बटण चालू आहे ना, ते हात लावून बघून आला.