जित्या माणसाचं कापड

तोंडवळीच्या खालच्या वाडीत दर बुधवारी, दुपारची भांडी घासून झाली की, सात-आठ बायका नर्मदाकाकीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जमत. प्रत्येकीच्या काखेत चालू असलेली गोधडी आणि हातात फडक्यांचं गाठोडं. गोधड्या उलट्या करून मांडीवर पसरायच्या, कारण काकी काम पाहायची ते मागच्या बाजूने. फडकी मधल्या सुपात ओतायची आणि ज्या रंगाची ज्या बाईला गरज असेल ते तिने उचलायचं. त्यामुळे वाडीतल्या एकाही घरात निव्वळ आपल्याच कपड्यांची गोधडी नव्हती. परशुराम मास्तरांचं धोतर भंडाऱ्याच्या पोराच्या पायाखाली होतं आणि काकीचं लग्नातलं लुगडं पाच घरांत वाटलं गेलं होतं.

फक्त एक रीत होती. फडकं सुपात टाकण्याआधी काकी विचारणार, "कोणाचा गो ह्या? जित्या माणसाचा मा?" आणि टाकणारीने नाव सांगून "व्हय" म्हणायचं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड सुपात चालत नसे. गोधडी पुढे एखाद्या तान्ह्या मुलावर पडायची असते, म्हणून.

एकोणीसशे एकसष्टच्या फाल्गुनातल्या एका बुधवारी जानकीने आपलं गाठोडं सोडलं. जानकी ही धोंडूची नवी बायको, विजयदुर्गची मुलगी. लग्नाला तीन महिने झाले होते. शिमग्याला माहेरी जाऊन ती आदल्याच दिवशी परतली होती. वरची चार-पाच फडकी तिच्या मुंबईला असलेल्या भावाची निघाली. शेवटचं फडकं निळ्या रेघांचं होतं, वीतभर लांब आणि तेवढंच रुंद.

"आणि ह्या?" काकीने विचारलं.

"आवशीन धाडल्यान. कोणाचा ता माका म्हायत नाय."

"जित्या माणसाचा मा?"

"व्हय. तसाच सांगूक सांगल्यान हा आवशीन."

"अगो, नाव नाय नि गाव नाय," तिकडून सावित्री म्हणाली, "विजयदुर्गाक सदरे झाडाक लागतत काय?"

सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात काकीने फडकं सुपात जाऊ दिलं. तुळसा हसली नाही. सूप तिच्या गुडघ्यापाशी होतं आणि फडकं त्यात उताणं पडलं होतं. त्याच्या मधोमध बोटभर लांबीचा रफू होता आणि रफूच्या दोन्ही टोकांना चपटी, दुहेरी गाठ. ती गाठ शिवणकामातली नव्हे. जाळं सांधताना मारतात ती. तुळसाचा बाप रापणीची जाळी सांधायचा आणि ती लहानपणी त्याच्याजवळ बसून शिकली होती. साध्या गाठी खाऱ्या पाण्याने सुटतात, ही सुटत नाही. रफूला अशी गाठ मारणारी दुसरी बाई तिने पाहिली नव्हती.

ते फडकं लवूच्या, तिच्या नवऱ्याच्या, सदऱ्याचं होतं. एकोणसाठच्या दिवाळीनंतर तो कौलं भरलेल्या गलबतावर खलाशी म्हणून गेला, तेव्हा हाच सदरा त्याच्या अंगात होता. रफू तिने आदल्या संध्याकाळी केला होता. चार दिवसांनी वादळ आलं. गलबताच्या फळ्या देवगडच्या बाजूला लागल्या. गलबतावरच्या चौघांपैकी दोघांची प्रेतं मिळाली. लवू त्यांत नव्हता. सासू म्हणायची, "प्रेत नाय तर मरण नाय," आणि रोज सकाळी सुनेच्या कपाळाचं कुंकू नीट आहे का ते बघायची.

तुळसाने हात पुढे केला, दोन फडकी उचलली आणि त्यांच्याआड निळं फडकं कमरेला खोचलं. कुणाचं लक्ष नव्हतं. निदान तिला तसं वाटलं.

घरी आल्यावर तिने ते उजेडात उलटं करून पाहिलं, टाके मोजले. तिचेच होते. मग तिने हिशेब मांडला, आणि हिशेब काही केल्या जुळेना. जानकीच्या आईने जित्या माणसाचं कापड म्हणून सांगून पाठवलं होतं. सुपापुढे खोटं बोलायला बायका घाबरत. म्हणजे सदरा अंगातून काढला तेव्हा लवू जिवंत होता. म्हणजे तो बुडालाच नव्हता. मग दीड वर्ष कुठे होता? एका दिवसाच्या वाटेवर, विजयदुर्गला? आणि ज्या घरी त्याचे सदरे फाटत होते, त्या घरातली बाई ते फाडून गोधड्या शिवत होती? नाहीतर जानकीची आई खोटं बोलली असणार, आणि तिने ते प्रेतावरून उतरवलं असणार. दोन्हींपैकी कोणती गोष्ट खरी ठरावी असं आपल्याला वाटतं, ते तुळसाला ठरवता येईना.

तिने सासूला काही सांगितलं नाही. ती जानकीवर नजर ठेवू लागली.

विहिरीवर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे खलाशी खूप येतत काय गो?"

"येतत की. बंदरच ता."

"आमच्या बाजूचो कोण रवता काय थंय?"

जानकीने कळशी खांद्यावर घेतली. "माका काय म्हायत?" म्हणाली आणि तशीच निघाली. कळशी अर्धीच भरली होती.

पुढच्या बुधवारी जानकीने सूप दोनदा चाळलं. "माझा निळा फडका कोणी घेतला गो?"

बायकांनी आपापल्या मांडीवरची फडकी उलटून पाहिली.

"कोणाच्या गोधडीत लागला तर सांगा. माका बघूचा होता."

"एवढ्याशा तुकड्यासाठी इतकी कित्याक जीव टाकतंस?" सावित्री म्हणाली. "मोती लावलेले होते काय तेका?"

"तसा नाय. आवशीन कळवूक सांगलेला, कोणी घेतल्यान ता."

जानकी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती, एकेकीच्या. तुळसापाशी तिची नजर थांबली. तुळसाने खाली मान घालून सुई ओवली. आता तिची खात्रीच झाली. ज्या आईला फडकं कुठे गेलं याची काळजी, तिला काहीतरी लपवायचं होतं. चुकून दिलेलं परत हवं होतं.

त्यात नर्मदाकाकीने भर घातली. बायका पांगल्यावर तिने तुळसाला थांबवलं. "सुपातला उचलला तर गोधडीत दिसाक होया. कमरेक खोचूचा नाय, तुळसा."

"माका तुम्ही चोर म्हणतास?"

"मी काय एक म्हणूक नाय. मी बघलंय ता सांगतंय."

दुसऱ्या दिवशी तुळसाने सासूला सांगितलं, मालवणला डोळे दाखवून येते, डॉक्टर राहायला सांगेल तर मावशीकडे राहीन. मालवणला ती मुंबईच्या बोटीत बसली आणि विजयदुर्गला उतरली. निळं फडकं चोळीत होतं. बोटीवर सगळ्या वाटेत तिने एकच गोष्ट ठरवली. तो दारात दिसला तर काय बोलायचं. चार वाक्यं ठरवली, पाठ केली. पाचवं सुचलं नाही.

जानकीच्या आईचं, काशीबाईचं, घर किल्ल्याच्या वाटेवर होतं. ओटीवर शिवणाचं मशीन, भिंतीला खलाशांच्या बंड्या टांगलेल्या. काशीबाई पन्नाशीची, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तुळसाने आपलं नाव सांगितलं नाही. आत पाहिलं. दोरीवर पुरुषाचं एकच धोतर होतं, म्हाताऱ्या माणसाचं. चपला एका जोडीच्या. माजघरातून खोकला आला. मग खोकणारा बाहेर आला, तो काशीबाईचा नवरा होता, सत्तरीचा.

तुळसाने फडकं काढून मशीनवर ठेवलं. "ह्या तुमका खंय गावला?"

काशीबाईने फडक्याकडे पाहिलंच नाही. तुळसाकडे पाहिलं. "टाको तुझो?"

"आधी माझ्या इचारलल्याचा सांगा."

"मी इचारलला सांग, मगे सगळा सांगतंय. दीड वर्स मी ह्याच इचारतंय. टाको तुझो काय?"

"माझो."

काशीबाईने मशीनवरून हात काढले. "बस गो. आधी पाणी पी."

"माका पाणी नको. तो खंय आसा?"

"खंय आसा?" काशीबाई थबकली. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "अगो बाई, तुका तसा वाटला? तसा नाय गो. तसा काय एक नाय."

तिने सांगितलं ते एवढंच होतं. गलबत पाणी भरायला विजयदुर्गला दोन दिवस थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी एक खलाशी आला. शिडाच्या दोरात अडकून बाही फाटली होती. काशीबाई म्हणाली, पाठीचा रफूही उसवून नवा करून देते, मशीनवर. तो म्हणाला, "बाही शिवा. त्या टाक्याक हात लावू नका. माझ्या बायलेचो आसा." बाईला कळवू का, असं काशीबाईने थट्टेने विचारलं. "नको नको! ती म्हणात, चार दिवस नाय झाले नि फाडून बसलो." परतीच्या खेपेला घेऊन जाईन म्हणाला. दुसऱ्याची बंडी अंगात घालून गेला.

"मी धक्क्यावर होतंय," काशीबाई म्हणाली. "चौघांक चढताना बघलंय. तो शेवटचो चढलो. हात हालवल्यान. त्या रातीचाच वादळ."

पाठ केलेली चारही वाक्यं तुळसाच्या तोंडाशी तशीच राहिली. ती म्हणण्यासाठी तिला एक माणूस हवा होता, कसाही, कुणाच्याही घरातला.

"नाव लवू, गाव मालवणाकडचा. इतक्याच म्हायत. लवू गावागावात आसत. जानकी तुमच्याकडे दिली, तेव्हा माका ह्या सुचला. नव्या सुनेन मरणाची बातमी घेवन जावचा नाय, म्हणान तिका सांगलंय, तू बोलू नको, फक्त सुपात टाक. जिचो टाको ती वळखतली नि बोलतली. तू लपवतलंस ह्या माका काय म्हायत?"

"तुम्ही जित्या माणसाचा म्हणालात."

"काढल्यान तेव्हा जितोच होतो." काशीबाई उठली आणि आतून ट्रंक ओढून आणली. सदरा घडी घातलेला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बाही शिवलेली होती. पाठीवर वीतभर चौकोन कापलेला. "तेवढोच कापलंय. बाकी तसोच आसा. घेवन जा."

त्यानंतरच्या बुधवारी तुळसा खळ्यात उशिरा आली. कपाळ मोकळं होतं. त्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी सकाळीच विहिरीवर पाहिलं होतं. सासू दोन दिवस जेवली नव्हती आणि सुनेशी बोलत नव्हती.

तुळसाने सदरा सुपाशेजारी ठेवला आणि त्यावर निळं फडकं.

नर्मदाकाकीचा हात सुपावर आला. सवयीने प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला. "कोणाचा गो ह्या? जित्या माणसाचा मा?" बोलल्यावर तिला कळलं, पण शब्द परत घेता येईनात. सावित्रीची सुई थांबली.

"माझ्या घोवाचा," तुळसा म्हणाली. "नाय. तो गेलो."

काकीने सूप आपल्याकडे ओढून घेतलं, मधली जागा मोकळी केली. "मगे सुपात नको."

"सुपात टाकूक नाय आणलंय."

तिने सदरा उलटा केला, पाठीवरच्या चौकोनात फडकं बसवलं. ते बोटभर सरकत होतं. एका हाताने धरून दुसऱ्याने टाका घालणं जमेना. जानकी तिच्या शेजारी सरकली आणि चारही कडा दोन्ही हातांनी ताणून धरल्या.

"तुका माझो राग इलो असतलो," जानकी हळू म्हणाली.

"इलो होतो."

"आणि आता?"

"आता हात हालवू नको." तुळसाने दोरा दाताने तोडला. पहिला टाका घातला, दोरा फिरवून बोटावर घेतला. "बघ. हयसून वर, मगे ह्या दोन्ही पदरांच्या मधून. जाळ्याची गाठ ही. माझ्या बापाशीची."

"परत एकदा दाखय."

तुळसाने गाठ सोडली आणि परत घातली, सावकाश. सावित्रीने आपली गोधडी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर पुढे आली. काकीने चष्मा वर केला.

"उलट्या बाजून दाखय गो," काकी म्हणाली. "खरा काम थंय दिसता."