रफूकाराचा पाय

लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या एका गृहस्थाला घरात फारसं कुणी विचारत नसे. बायको तळ्यांची अभ्यासक. पाण्याचं तापमान मोजायची आणि त्याचे आलेख काढायची. सासूबाई सध्या मुक्कामाला होत्या. त्या काही मोजत नसत, मोजूनमापून बोलतही नसत.

पण या माणसाचं एक गुपित होतं. कॉलेजात असताना त्यानं ‘रफू’ नावाचं एक छोटं पॅकेज, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रामला जोडता येईल असा तयार तुकडा, लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं होतं. मोजणीच्या नोंदींत मधला एखादा आकडा गायब असेल, तर आजूबाजूचे आकडे बघून ते भोक बुजवायचं, एवढंच त्याचं काम. ते कुणी वापरत असेल असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून बायकोला सांगायचंही राहून गेलं. तिकडे तो ‘रफूकार’ या नावानं वावरायचा. परवा सुट्टीत त्याचे हात शिवशिवले आणि त्यानं नवी आवृत्ती काढली. पूर्वी भगदाड मोठं असेल तर रफू ते मोकळं सोडून पुढे जायचं. हा गबाळेपणा त्याला आता खपेना. त्यानं नियम कडक केला: मोठं भगदाड दिसलं की काम तिथेच बंद.

आणि बंद पडलं ते नेमकं त्याच्याच घरात.

“कोण हा मूर्ख रफूकार?” नाश्त्याच्या वेळी बायको लॅपटॉपवर डाफरली. “काल सगळी पॅकेजं अपडेट केली आणि माझं तळं अर्ध्यातच अडकलं. सोमवारी समिती येतेय. आलेख नसतील तर तळ्यावरचं मोजणीकेंद्र बंद करायला त्यांना निमित्तच मिळेल!”

“जुनं रफू परत घे की,” तो कसाबसा म्हणाला.

“घेतलं ना. तर आलेखाचं पॅकेज रुसलं. त्याला नवंच रफू हवंय.”

“पटत नसेल तर वेगळी बिऱ्हाडं करून द्या,” सासूबाईंनी चहाचा कप न ठेवताच निकाल दिला.

“तसंही करतात गं आई. पण मग सगळं काम उसवून पुन्हा शिवावं लागेल. वेळ कुठाय?”

“मग एकत्र नांदू देत. एकानं पड खायची.” असं म्हणून त्यांनी उगाचच जावयाकडे बघितलं.

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण ‘मूर्ख’ हा शब्द अजून टेबलावर गरम होता. तो हळूच उठून आतल्या खोलीत गेला आणि फोन उघडला. तिथे रफूच्या पानावर बायकोचा निरोप येऊन पडला होता.

‘आदरणीय रफूकार, आपण विनामोबदला करत असलेल्या सेवेबद्दल मनापासून कृतज्ञता. आपला अमूल्य वेळ घेत आहे, क्षमस्व...’

त्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला. या घरात तो रोज कचरा खाली नेऊन टाकायचा, तेही विनामोबदलाच; पण आदरणीय? क्षमस्व? माणूस विरघळला, आणि विरघळता विरघळता शेफारला. त्यानं उत्तर ठोकलं: ‘आपली अडचण विचाराधीन आहे. ती पुन्हा घडवून दाखवणारं छोटं उदाहरण जोडावं.’

बाहेरून आवाज आला, “उदाहरण मागतोय शहाणा!”

“बरोबरच आहे त्याचं,” त्यानं आतूनच बाजू घेतली.

उदाहरण आलं. सोबत आणखी दोन आभार आले. खरं तर जुना नियम परत आणणं म्हणजे चहा गाळण्याइतकं काम होतं. पण असा मान पुन्हा कधी मिळायचा! त्यानं प्रवचनच झोडलं: ‘इतकं मोठं भगदाड पाहून रफू थांबतं हे योग्यच आहे. मोजणी वेळच्या वेळी केली असती तर ही वेळ आली नसती.’

या वेळी बाहेरून शिवी आली नाही. त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं. बायकोनं डोळे पुसले आणि ती टाइप करू लागली.

‘आपलं म्हणणं मान्य आहे. त्या काळात माझ्या नवऱ्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. त्याला उठवायला-बसवायला कुणी नव्हतं, म्हणून तळं सोडून मी घरी थांबले. ते भगदाड मला बुजवायचं नाही. ते आहे तसं दिसू द्यावं, एवढीच विनंती.’

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तसाच फोन हातात धरून बसला. तेव्हा त्यानं विचारलं होतं, “तुझ्या तळ्याचं काय?” ती म्हणाली होती, “तळं कुठे पळून जातंय?” आणि त्यानं ते खरं मानून टीव्ही लावला होता.

मग मात्र त्यानं लॅपटॉप ओढला, जुना नियम परत आणला, चाचण्या चालवल्या आणि नवी आवृत्ती सोडली. काय बदललं ते चार ओळींत लिहायची तिकडे रीत असते. तीही त्यानं पाळली, आणि मुकाट्यानं बाहेर येऊन सासूबाईंच्या शेजारी बसला.

“निघाली नवी आवृत्ती!” बायको ओरडली. आता वाचल्याशिवाय काही बसवायचं नाही अशी तिनं शपथच घेतली होती. ती मोठ्यानं वाचू लागली. “‘मोठी भगदाडं पूर्वीसारखी मोकळी सोडली जातील. चूक माझी होती. तक्रार करणाऱ्या बाईंचे आभार, तेव्हाचेही आणि आताचेही. पाय आता बरा आहे.’”

“कुणाचा पाय?” सासूबाईंनी विचारलं.

बायकोनं लॅपटॉपवरून नजर उचलली आणि नवऱ्याकडे बघितलं. तो आपल्या पायाकडे बघत होता. तिनं आलेख काढला. निळी रेघ सरळ चालत आली, मध्ये तुटली, आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली.

“बरा आहे ना पाय?” शेवटी ती म्हणाली. “मग कचरा टाकून ये.”

सोमवारी समितीतल्या एका बाईंनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. बायकोनं खरं कारण सांगितलं. “लपवलं नाहीत ते बरं केलंत,” बाई म्हणाल्या. केंद्र चालू राहिलं.

तिनं नवऱ्याला फोन केला नाही. दुपारी कंपनीत, लिफ्टच्या दरवाजाशी त्याची झटापट चालू असताना, रफूच्या पानावर नवा निरोप आला.

‘आदरणीय रफूकार, केंद्र वाचलं. रविवारी तळ्यात उतरून मोजणीचं यंत्र धुवायला माणूस हवा आहे. पाणी गार असतं. काम विनामोबदला.’

या वेळी त्यानं उदाहरण मागितलं नाही.